चौऱ्याहत्तर बायसन आणि आम्ही सहा जण

उणे सव्वीस

पहिला बायसन दिसला तेव्हा बाबर भाऊजी म्हणाले, "हा तर आपला कोयनेतला गवा. नुसता स्वेटर घातलाय."

कोणी हसलं नाही, कारण हसायला तोंडावरचा मफलर खाली घ्यावा लागला असता. उणे सव्वीस होतं. पापण्यांचे केस एकमेकांना चिकटत होते.

बायसन नदीच्या वळणावर उभा होता. डोकं बर्फात खुपसून झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे फिरवत होता. बर्फ उडत होता, खालून पिवळं गवत निघत होतं. पाठीवर वीतभर बर्फ साचलेला, आणि तो वितळत नव्हता. आमची बर्फगाडी चालवणारी आणि पार्क दाखवणारी मार्लीन म्हणाली, सगळी करामत तिथेच आहे. लोकर इतकी दाट, की अंगातली ऊब पाठीवरच्या बर्फापर्यंत पोचतच नाही.

"म्हणाली" म्हणजे तिच्या तोंडातून इंग्रजी निघालं आणि आमच्या कानातल्या बोंडातून मराठी. दोन हजार सदतीस साली यात नवल काही राहिलेलं नाही. पण बोंडातला आवाज एका भारदस्त पुरुषाचा होता आणि तो जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायचा. साठीची, नाकाला मलम थापलेली, च्युइंगम चघळणारी मार्लीन ओठ हलवायची आणि आमच्या कानात यायचं, "कृपया वाहनात चढण्यापूर्वी आपली पादत्राणे झटकावीत."

"बाईंचा घसा बसलाय," बाबर भाऊजी म्हणाले.

आम्ही कोण

साताऱ्यातल्या एकाच इमारतीतली तीन जोडपी.

तळमजल्यावर, अंगण असलेल्या घरात आम्ही: मी शलाका खटावकर आणि माझे यजमान श्रीरंग. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण सोसायटीच्या सेक्रेटरीपदावरून नाही. तिथे एकविसावं वर्ष चालू आहे. आमच्या दारासमोरचं दार बाबरांचं: सुहास भाऊजी आणि कांचन. तिसऱ्या मजल्यावर ओगले: विद्याधर भाऊजी आणि मेधा. लिफ्ट नाही. लिफ्टचा ठराव नऊ वर्षांपूर्वी सर्वानुमते मंजूर झालेला आहे.

दरवर्षी आम्ही सहा जण सहलीला जातो. ठिकाण ठरवायची आमची एक पद्धत आहे. कोणीतरी नाव काढतं. बाकीचे म्हणतात, "आमचं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं." मग ज्याने नाव काढलं तोही म्हणतो, "माझंही काही नाही, मी आपलं सुचवलं." आणि तिकिटं निघतात. असं करत आम्ही एकदा मे महिन्यात जैसलमेरला गेलो होतो.

यंदाची सहल बाबरांच्या मुलीने डेन्व्हरहून ठरवून दिलेली. पण या सहलीत आणखी एक काम उरकायचं होतं. पानशेतच्या पुढे 'सुखसावली' नावाची ज्येष्ठांची वसाहत होते आहे, तिच्यात एका ओळीतले तीन बंगले. सहाही जणांचे अंगठे इथल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोनवर उमटले, तर ती ओळ आमची. एक अंगठा राहिला तरी दुसऱ्या कोणाची. मार्चमध्ये साताऱ्यातली घरं सोडायची आणि तिकडे राहायला जायचं. कायमचं.

आज शुक्रवार होता.

मला जायचं नव्हतं.

रोज सकाळी सहा वाजता मी तलावावर पन्नाशीपुढच्या बायकांना पोहायला शिकवते. एकोणीस जणी आहेत. सगळ्यांत मोठी एक्याऐंशीची, ती अजून पाण्यात डोळे उघडत नाही. म्हणते, आत काय बघायचंय. त्यांतल्या सात जणींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून ठरवून केलेली गोष्ट म्हणजे ते पोहणं. पानशेतहून रोज सहाला साताऱ्यात पोचता येत नाही. हे मी कोणालाच बोलले नव्हते. मला विचारलं तेव्हा मीही म्हणाले होते, "आमचं काही नाही."

गुराखी

गाडीच्या छतावर डब्याएवढा एक काळा डोळा बसवलेला होता. पार्कातले लोक त्याला गुराखी म्हणतात.

मार्लीनने सांगितलं ते थोडक्यात असं. बायसनांच्या कळपाला नायक नसतो. धिप्पाड नर पुढे आणि बाकीचे मागे, असं माणसांना वाटतं, कारण माणसांना तसं आवडतं. प्रत्यक्षात निघण्यापूर्वी वीसपंचवीस मिनिटं कळपात एक गुपचूप मतदान चालू असतं. चरता चरता एखादी गाय आपलं अंग ज्या दिशेला जायचंय तिकडे वळवते. मग दुसरी. कोणी पूर्वेला, कोणी दक्षिणेला. हळूहळू एका दिशेची संख्या वाढत जाते, आणि पुरेशी झाली की सगळे त्या बाजूला चालू लागतात. म्हाताऱ्या गायींच्या मताला वजन जास्त, एवढंच.

हे मतदान होतं ही गोष्ट जुनीच आहे. नवीन गोष्ट गुराख्याची. तो एकाच वेळी प्रत्येक जनावराच्या खांद्याची रेषा मोजतो, मागच्या कोणत्या पायावर भार आहे ते मोजतो, श्वासाची वाफ किती वेगाने सुटते ते मोजतो. पडद्यावर प्रत्येक जनावराला एक निळा बाण येतो. बाण लांब म्हणजे इच्छा दांडगी. सगळ्या बाणांची बेरीज करून गुराखी सांगतो: कळप अकरा मिनिटांनी निघेल, रस्ता ओलांडेल, पुलाच्या अलीकडे. मग रस्ता आधीच बंद करतात. त्यामुळे गाडीखाली जनावर येणं जवळजवळ थांबलं आहे.

"आणि तो डोक्याकडे बघतच नाही?" ह्यांनी विचारलं. ह्यांना यंत्रांचं वेड आहे.

"मस्तक विश्वासार्ह नसते," कानातला बातमीदार म्हणाला. "मस्तक गवताच्या मागे फिरते. स्कंध आणि पाय सत्य सांगतात."

"आमच्या ऑफिसात उलट होतं," बाबर भाऊजी म्हणाले. "पाय साहेबाच्या मागे आणि डोकं गवतात."

घटना अहवाल (मार्लीनने भरला, बोंडाने आम्हाला मराठीत वाचून दाखवला)

वेळ: सकाळी दहा चाळीस.
पक्षी: डोमकावळा, एक.
कृत्य: श्रीमती कांचन बाबर यांच्या पाठपिशवीची चेन चोचीने उघडली.
ऐवज: सातारी कंदी पेढे, चार.
भक्षण: तीन. चौथा पक्ष्याने बर्फात पुरून ठेवला.
पर्यटकांचा हेतू होता काय: नव्हता.
पर्यटकांस ताकीद दिली काय: दिली.
पक्ष्यास ताकीद दिली काय: लागू नाही.
शेरा: पक्षी पुन्हा येऊन पिशवीजवळ बसला आहे.

नारिंगी

नदीपाशी आम्ही उतरलो. नदी गोठलेली नव्हती. जमिनीखालच्या गरम झऱ्यांमुळे तिच्यातून वाफा निघत होत्या आणि त्या वाफेत चार पांढरे हंस तरंगत होते. पलीकडच्या उतारावर एक कोल्हा कान टवकारून उभा होता. बर्फाखालच्या उंदराचा आवाज ऐकत होता म्हणे. मग तो उंच उडाला आणि सरळ डोक्यावर पडला, कमरेपर्यंत आत. मागचे पाय आणि झुपकेदार शेपूट तेवढी वर.

"पाण्यात सूर असा मारायचा असतो का गं?" कांचनने विचारलं.

"असा मारायचा नसतो," मी म्हणाले. "पण माझ्या बॅचमध्ये दोघी असाच मारतात."

चौऱ्याहत्तर बायसन समोर होते. मी मार्लीनच्या हातातल्या पाटीएवढ्या पडद्याकडे बघत होते. त्या पडद्यावर निळे बाण होते आणि कडेला सहा नारिंगी.

"हे कोण?"

"ते आपण," बातमीदार म्हणाला.

पंचवीस मीटरपेक्षा जवळ जायचं नाही, असा नियम आहे. पण माणसं ठरवून नियम मोडत नाहीत. एक जण फोटोसाठी अर्धं पाऊल टाकतो. शेजारचा नकळत त्याच्या रेषेत येतो. तिसऱ्याला वाटतं, हे दोघे पुढे गेले म्हणजे चालत असेल. पाच मिनिटांनी सगळा घोळका शिंगांसमोर उभा असतो आणि त्यातल्या एकालाही आपण पुढे आलो हे माहीत नसतं. म्हणून गुराखी माणसांचेही बाण काढतो. गेल्या दोनचार वर्षांत हेच यंत्र जत्रांमध्ये आणि स्टेडियमच्या दारांवर बसवायला सुरुवात झाली आहे, हे मी वाचलं होतं. स्वतःचा बाण मात्र पहिल्यांदाच बघत होते.

तो गाडीकडे वळलेला होता. मला खरंच पाय शेकायचे होते. मी ते स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं.

"अहो, हे बघा," मी ह्यांना बोलावलं.

ही माझी चूक. किंवा नसेल.

ह्यांची कल्पना

दुपारी लाकडी विसावाघरात थांबलो. एक लांब खोली. एका टोकाला लोखंडी शेगडी, दुसऱ्या टोकाला दार. जेवणं झाली. ह्यांनी घसा साफ केला, म्हणजे सभा सुरू झाली.

"संध्याकाळी अंगठे द्यायचेच आहेत. त्याआधी एक रीतसर मत घेऊन टाकू. माझ्या मनात असं आहे, की गुराख्याचं चित्रच वृत्तांताला जोडावं. पुराव्यासकट एकमत. असं कोणत्याच सोसायटीच्या दप्तरात नसेल."

"खटाव, आपण सहा जण आहोत," ओगले भाऊजी म्हणाले. "हात वर केले तरी मोजता येतील."

"हात कोणीही वर करतं. हे शास्त्रीय होईल."

मार्लीन आढेवेढे घेत होती. "हे यंत्र प्राणिमात्रांकरिता आहे."

"आम्ही त्यातच मोडतो," बाबर भाऊजी म्हणाले.

ती हसली. छतावरचा डोळा काढून आणून तिने खिडकीत ठेवला. ह्यांनी आम्हाला खोलीच्या मध्ये उभं केलं. नियम सांगितला: ज्यांना सुखसावलीला जायचंय त्यांनी मी तीन म्हटल्यावर शेगडीकडे जायचं, ज्यांना नाही जायचं त्यांनी दाराकडे. त्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून विचार करायचा.

दोन मिनिटं फार मोठी असतात. लाकूड तडतडत होतं. मी एक्याऐंशीच्या त्या बाईंचा विचार करत होते. मग वाटलं, पाच जण शेगडीकडे गेले आणि मी एकटी दाराशी, तर पुढे काय? बत्तीस वर्षांच्या संसारात आणि वीस वर्षांच्या शेजारात मी असं काही केलं नव्हतं.

"एक, दोन, तीन."

आम्ही सहाही जण शेगडीकडे गेलो.

वृत्तांत (श्री. श्रीरंग खटावकर यांनी तिथल्या तिथे फोनवर टिपलेला)

उपस्थित सभासद: सहा. विषय: सुखसावली येथे स्थलांतर. अनुकूल: सहा. प्रतिकूल: शून्य. ठराव सर्वानुमते मंजूर. सोबत यंत्राचे चित्र जोडले आहे.

(चित्र जोडण्यापूर्वी ह्यांनी ते बघितलं.)

चित्र

मेधा: बाण शेगडीकडे. लांब.
ओगले भाऊजी: दाराकडे.
कांचन: दाराकडे.
बाबर भाऊजी: दाराकडे, आणि इतका तिरका की दाराबाहेरच्या गाडीकडे.
मी: दाराकडे.
श्रीरंग खटावकर, सेक्रेटरी: दाराकडे. सगळ्यांत लांब.

खाली एक ओळ होती. मार्लीनने ती वाचली आणि बोंडाने गंभीरपणे सांगितली: "एकत्रित कल दाराकडे. शेगडीकडे निघण्याची शक्यता, चार टक्के."

मग मार्लीन च्युइंगम चघळायची थांबली.

"एकोणीस वर्षे मी कळप पाहते," कानातला आवाज म्हणाला. "सहापैकी पाच एका दिशेला वळलेले आहेत आणि सहाच्या सहा विरुद्ध दिशेला गेले, असा कळप मी पाहिलेला नाही. बायसन असते तर हिवाळ्यात टिकले नसते."

नंतर

"यंत्रात बिघाड आहे."

"खटाव, तुझा बाण सगळ्यांत लांब आहे. बिघाड तुझ्यात आहे."

"मी दाराकडे वळलो होतो कारण मला वाटलं, दार नीट लागलेलं नाही."

"बिघाड नाही." हे मी म्हणाले. आवाज माझाच होता. "मला नाही जायचं. माझी बॅच आहे. एकोणीस बायका आहेत. मला पानशेतला नाही जायचं."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही ठरवलं होतं."

"मी कुठे ठरवलं? ओगल्याने ठरवलं. मी फक्त पत्रव्यवहार केला."

"मी? मी दिवाळीत माहितीपत्रक दाखवलं. बाबर म्हणाला, छान आहे."

"छान आहे म्हणजे जायचंय असं कधीपासून झालं? मी ताजमहालालाही छान म्हणालो होतो. तिथे राहायला जायचं का?"

"पण तुम्हीच तर घरी येऊन म्हणालात, की खटावकर वहिनींना जायचंय."

"कांचन, वहिनी म्हणाल्या होत्या, आमचं काही नाही."

"तेच तर मी म्हणाले होते."

"मीपण."

"मीपण तेच."

"म्हणजे हे पहिल्यांदा म्हणालं कोण?"

कोणीच नाही. आम्ही दिवाळीपर्यंत मागे गेलो, माहितीपत्रक कोणाच्या पिशवीतून आलं तिथपर्यंत गेलो. ते पेपरात घालून आलं होतं.

"आणि तुम्हाला का नव्हतं जायचं?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी चष्मा पुसला. "तिथे सोसायटीचा कारभार कंपनी बघते. सेक्रेटरी नसतोच."

बाबर भाऊजी हसता हसता बाकावर बसले. मग उठून शेगडीभोवती एक गिरकी घेतली. ओगले भाऊजींनी कांचनच्या पिशवीत उरलेला एक पेढा मार्लीनला दिला. तिने तो खाल्ला आणि स्वतःबद्दल अहवाल भरणार नाही असं सांगितलं. ह्यांना आता सोसायटीच्या वार्षिक सभेसाठी एक गुराखी मागवावासा वाटत होता. कांचन म्हणाली, आणा, मग सभेला कोणी यायचं नाही.

"मेधा, तू एकटीच खरी गं," ती पुढे म्हणाली. "बाण शेगडीकडे आणि गेलीस पण शेगडीकडे."

"मला थंडी वाजत होती," मेधा म्हणाली.

सगळे पुन्हा हसले.

अकरा मिनिटं

परतीच्या वाटेवर मार्लीनने गाडी थांबवली. गुराखी म्हणत होता, अकरा मिनिटांत कळप इथेच रस्ता ओलांडेल. इंजीन बंद झालं. बर्फात शांतता कानाला लागते, तशी लागली.

मी मेधाच्या शेजारी जाऊन बसले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. हात गुडघ्यावर होता, अंगठा वाटीभोवती गोल गोल फिरत होता.

मला हवं ते मिळालं होतं. घर, बॅच, तलाव. गप्प बसले असते तर मिळालेलं तसंच राहिलं असतं. फोनवर अंगठे द्यायला अजून दोन तास होते आणि कोणी देणार नव्हतं.

"थंडी नव्हती ना गं?"

तिने खिडकीकडेच बघत सांगितलं, "जेवताना शेगडीपासून चार हातांवर होते मी. घाम आला होता."

"मग बोलायचं."

"काय बोलायचं? तुम्ही सगळे एवढे खूश झालात. सुहास भाऊजी तर नाचले." तिने काचेवरची वाफ पुसली. "एकोणपन्नास पायऱ्या आहेत, शलाका. गेल्या वर्षी मी खाली किती वेळा उतरले, मोजलंय. बावीस वेळा. त्यातल्या नऊ वेळा डॉक्टरकडे. इथे यायला विमानतळावर चाकाची खुर्ची होती, गाडीला पायरी होती. घरी काही नाही. तू अंगणात कपडे वाळत घालतेस ते मी वरून बघते. खाली हाक मारली तर तुला वर यावं लागेल, म्हणून मारत नाही."

"विद्याधर भाऊजींना माहीत आहे?"

"त्यांना मी सांगितलंय, मला वर छान वारा लागतो."

बाहेर कळपातली एक गाय उठली. अंगावरचा बर्फ झटकला. मार्लीन हलक्या आवाजात म्हणाली, आणि बातमीदार नेहमीच्या जोरात म्हणाला, "सात मिनिटे."

मी उभी राहिले.

"ऐका सगळे. मेधाला थंडी वाजत नव्हती. तिला जायचं होतं. गेल्या वर्षी ती एकूण बावीस वेळा जिना उतरली आहे."

ओगले भाऊजींनी वळून बायकोकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग सगळंच आलं.

"मेधा? मग आपण दोघं जाऊ. मी अंगठा देतो. एक बंगला तरी…"

"दोघं जाऊन काय करू तिथे?" मेधाचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. "मला बंगला नकोय हो. मला जमीन हवी आहे. दार उघडलं की पाय मातीवर पडावा, एवढंच. आणि समोर तुम्ही असावेत. हे सगळं पानशेतला एकत्र मिळत होतं म्हणून पानशेत."

"लिफ्टचा ठराव…" हे म्हणाले.

"खटाव, गप," बाबर भाऊजी म्हणाले.

"आमचं घर घे," मी म्हणाले. "तुम्ही खाली या. आम्ही वर जातो. मला पायऱ्यांचं काही नाही, रोज चाळीस फेऱ्या पोहते मी."

"आम्ही म्हणजे कोण?" हे म्हणाले.

"तुम्ही आणि मी."

"मला विचारलंस?"

"आता विचारते. खरं सांगायचं. आमचं काही नाही, असलं उत्तर चालणार नाही."

बाहेर चौऱ्याहत्तर बायसन निघाले होते. पहिली गाय रस्त्यावर आली आणि गाडीला अंग घासून गेली; गाडी होडीसारखी हलली. काचेवर तिची वाफ उमटली. कातडीचा, ओल्या लोकरीचा वास आत आला. कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. सगळे ह्यांच्याकडे बघत होते.

ह्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "मला नाही आवडणार."

मी बसले नाही. उभीच राहिले. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं. छान वाटलं.

"का नाही आवडणार?"

"अंगण मी केलंय. निवृत्त झालो त्या वर्षी भिंतीच्या कडेने मोगरा लावला. पहिली दोन वर्षं एक कळी नाही धरली त्याने. आता सकाळी उठून मी आधी तिकडे जातो. तू तलावावर असतेस, तुला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावरून काय करू? दुर्बिणीने पाणी घालू?"

"तुम्ही रोज खाली या," मेधा म्हणाली. "पाणी तुम्हीच घाला. मी चहा देईन."

"आणि छाटणी?"

"छाटणी मी बघेन."

"तू? तुला मोगऱ्याची छाटणी येते?"

"वरून सहा वर्षं बघतेय. तुम्ही फेब्रुवारीत अर्ध्यावर छाटता. वीतभर ठेवून छाटला तर दुप्पट फुलेल. माझ्या माहेरी शेतातच होता."

"वीतभर? मारायचाय का त्याला?"

"तुम्ही लेकरासारखा लाडावलाय. म्हणून नुसती पानं येतात."

"बाबर, तू सांग, समोरच राहतोस. नुसती पानं येतात का?"

"मला मोगरा आणि अळू यातला फरक कळत नाही," बाबर भाऊजी म्हणाले. "पण रोज सकाळी तुम्ही दोघं समोर भांडणार असाल, तर मी खुर्ची टाकून बसेन."

"आणि तीन मजले रोज चढलात तर तुमचं पोटही उतरेल," कांचन ह्यांना म्हणाली.

"माझ्या पोटाचा विषय पत्रिकेवर नाही."

ओगले भाऊजींनी मेधाचा गुडघ्यावरचा हात उचलून आपल्या हातात घेतला. "बावीस वेळा," ते हळू म्हणाले. "आणि मी म्हणायचो, तुला बाहेर पडायचा कंटाळा."

"कळप पूर्ण ओलांडण्यास अजून दोन मिनिटे," बातमीदाराचा आवाज आला. "कृपया डावीकडे पाहावे. कळपात या वर्षीची तीन वासरे आहेत. हे दृश्य दुर्मिळ आहे. कृपया डावीकडे पाहावे."

कोणी पाहिलं नाही. मार्लीनने आरशातून आमच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि एकटीच डावीकडे बघत बसली.

"ठीक आहे," हे शेवटी म्हणाले. "पण लेखी. पाणी मी घालणार. खत मी ठरवणार. मार्चपर्यंत कोणी कात्री लावायची नाही. आणि वीतभर हा शब्द त्यात येता कामा नये."

"भाऊजी," मेधा म्हणाली, "आधी किल्ली द्या. मोगऱ्याचं मग बोलू."